गंजलेली चासी : डागडुजी, बदल की भंगार?

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट क्षेत्राच्या कामामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. वर्षाकाठी ४०० ते ५०० मिलिमीटर पावसाच्या या गावाने पाणी मोजून वापरण्याची शिस्त अंगी बाणवून घेतली. तथापि गेल्या उन्हाळ्यात तेथील शिवारात आमच्यापुढे जो प्रश्न आला तो पाण्याचा नसून लोखंडाचा होता. आणि तोही मोजल्यावाचून सुटण्यासारखा नव्हता.

दोघा भावांचा सहा चाकी ट्रक होता. वय चौदा वर्षे. पाच वर्षांपूर्वी तो त्यांनी रायगड जिल्ह्यातील एका मालकाकडून विकत घेतलेला. रब्बीचा कांदा चाळीत भरलेला, योग्यता प्रमाणपत्राची मुदत महिन्यावर आलेली आणि मागील पाट्याच्या हँगरजवळ चासीस बोटभर तडा गेलेला. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे वाचकांस ठाऊक असेलच. थोरले बंधू म्हणाले, "साहेब, इंजिन ठणठणीत आहे. दोन ठिकाणी पट्टी मारली की आणखी तीन वर्षे काढील." धाकटे बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी इतकेच म्हणाले, "दादा, बोरघाटात गाडी मी उतरवितो."

कृषी अधिकाऱ्यास ट्रकमधले काय कळते, असे कोणी म्हणेल. म्हणून आम्ही सुपे येथील एका अनुभवी मिस्त्रीस सोबत घेतले. त्यांच्याकडून जे शिकलो ते इतर शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हा लेख.

गव्हावरील तांबेरा पानावर दिसू लागतो तेव्हा रोग आत कितीतरी पसरलेला असतो. लोखंडाच्या गंजाचे याहून वेगळे नाही. फक्त त्याचे दिसणे अधिक फसवे. गंजास मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. त्यामुळे पापुद्र्यांचा जाड थर दिसला म्हणून तेवढे लोखंड गेले, असे समजू नये. उलटपक्षी, वरून काळा रंग चकचकीत असलेली चासी दोन पत्र्यांच्या सांध्यात पोखरलेली असू शकते. तेथे साचलेला गंज फुगतो, पत्रे एकमेकांपासून दूर सारतो आणि रिव्हेटवर ताण आणतो. दोन पत्र्यांमधली फट फुगलेली दिसली की ती सर्वांत वाईट खूण मानावी.

पारनेरची हवा कोरडी. येथील गाडी सहसा लवकर गंजत नाही. परंतु समुद्रकाठी वापरलेली गाडी खारे वारे अंगावर घेऊन आलेली असते. त्यात आपण रासायनिक खते वाहतो. पोटॅशसारख्या खतात क्लोराइड असते, ते हवेतील ओल ओढून घेते आणि फळ्यांच्या फटींतून खाली सांडलेला चुरा चासीवर महिनोन्महिने बसून राहतो. शेणखत, सडका कांदा, उसाचा रस यांचेही तेच. हौदा आणि चासी यांच्यामधले लाकडी ठोकळे पाणी धरून ठेवतात, ते निराळेच. खत वाहिल्यानंतर गाडी खालून धुण्याची चाल आपल्याकडे फारशी नाही; बैल धुतो तितक्या अगत्याने गाडी धुतली जात नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता तपासणीविषयी. प्रथम हे ध्यानात घ्यावे की चासी म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे दोन लांब चॅनेल आणि त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. ओझे पडले की चॅनेल वाकू पाहतो. तेव्हा सर्वाधिक ताण त्याच्या वरच्या व खालच्या काठावर येतो; मिस्त्री त्यास फ्लँज म्हणतात. मधल्या उभ्या पट्ट्यावर तो पुष्कळ कमी असतो. म्हणून उभ्या पट्ट्याच्या मध्यावरील गंजाची खोबण आणि खालच्या फ्लँजवरील तितकीच खोबण यांची किंमत सारखी नाही. कोणतेही भोक, कोणताही आडवा वेल्डिंगचा टाका फ्लँजवर घेऊ नये, असा जो दंडक आहे त्याचे कारण हेच. गाडीचा अगदी मागचा टोकाचा भाग, मागील पाट्याच्याही पलीकडचा, तुलनेने कमी ताणाचा असतो. केबिनच्या मागून मागील पाट्याच्या हँगरपर्यंतचा भाग मात्र जीव की प्राण.

गाडी सपाट जमिनीवर, भक्कम ठोकळ्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. तारेच्या ब्रशाने व छिन्नीने पापुद्रे काढून शुद्ध धातू दिसेतो साफ करावे. मग हातोडीने हळूहळू ठोकत जावे. निकोप लोखंड खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. मडके घेताना आपण हेच करतो. परंतु कानावर विसंबून निकाल देऊ नये. व्हर्नियरने निकोप जागी जाडी मोजावी आणि तीच गंजलेल्या जागी मोजून दोन्ही लिहून ठेवावी. पट्टा मधोमध असून व्हर्नियर पोहोचत नसेल, तर जाडी मोजण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र शहरातील तपासणी करणाऱ्यांकडे मिळते.

चासी वाकली आहे काय, हे पाहण्यास आपल्याला नवे काही शिकावयाचे नाही. घराचा पाया आखताना दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते आपण दोरीने पाहतो. त्याचप्रमाणे चासीवरील समोरासमोरच्या चार खुणांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने ठिपके करावेत आणि कर्ण मोजावेत. कर्णांत फरक आला तर चौकट तिरकी झाली आहे. तशी गाडी टायर खाते आणि ब्रेक लावताच एका बाजूस ओढते.

या दोघा भावांच्या गाडीत मागचे टोक सडलेले होते, शेवटची आडवी पट्टी तर हाताने तुटली. हे पाहून थोरल्यांचा चेहरा उतरला. पण मिस्त्री म्हणाले, "ते काही नाही, टोक कापून नवे जोडता येईल." खरी भीती त्यांना हँगरजवळच्या जोडपत्र्याची होती. चार रिव्हेट काढून तो उचलला तेव्हा आतून वाटीभर गंजाचा भुगा खाली पडला. खालच्या फ्लँजची जाडी निकोप जागी ८ मिलिमीटर होती. तेथे ती ५ भरली, आणि वर खाचखळगे. ८ चे ५ म्हणजे त्या काठाची ताकद अदमासे तीन अष्टमांश गेली. खळगे असल्यास हिशेब याहून वाईट होतो, कारण दर खड्ड्यागणिक ओझे झुलत राहते आणि तडा खळग्याच्या तळापासूनच सुरू होतो. बोटभर तडा तेथूनच निघाला होता.

डागडुजी योग्य केव्हा? गंज वरवरचा असेल, जाडी फारशी घटलेली नसेल, तडा उभ्या पट्ट्यात असेल किंवा नुकसान टोकाकडे असेल तेव्हा. तड्याच्या टोकास लहान भोक पाडून तो पुढे पळण्यापासून थांबवितात, तडा खोबणीसारखा घासून कमी हायड्रोजनच्या कोरड्या कांडीने भरतात आणि टाका घासून सपाट करतात. वर जोडपत्रा देताना त्याची टोके चौकोनी न ठेवता तिरपी कापावी, नाहीतर जुना तडा बुजून जोडपत्र्याच्या काठाशी नवा उभा राहतो. जोडपत्रा शक्यतो उभ्या पट्ट्यावर उच्च ताकदीच्या बोल्टांनी बसवावा. काही गाड्यांच्या चासीचे पोलाद उष्णतेने कडक केलेले असते. त्यावर वेल्डिंग केल्यास ते मऊ पडते, म्हणून कारखान्याची पुस्तिका काय सांगते ते आधी पाहावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी आणि डिझेलची टाकी दूर करावी. या गोष्टी सांगाव्या लागतात, कारण त्या केल्या जात नाहीत.

चासी बदलणे हा दुसरा मार्ग. येथे शेतकऱ्याची फसगत होण्याचा संभव अधिक. चासीवर कोरलेला क्रमांक हीच गाडीची ओळख. तो भाग कापून दुसऱ्या चासीवर जोडणे हा गुन्हा आहे, मग 'सगळेच करतात' असे कोणी कितीही सांगो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून चासी बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची लेखी संमती घ्यावी. भंगारवाल्याकडील कागद नसलेली चासी स्वस्त असते ती उगाच नव्हे.

खर्चाचाही एक मुद्दा आहे. समजा, डागडुजीस ९० हजार लागले व गाडी दोन वर्षे चालली. वर्षास ४५ हजार पडले. चासी बदलण्यास सर्व मजुरीसह ३ लाख लागले व ती दहा वर्षे टिकणारी आहे, तर वर्षास ३० हजार; वरकरणी हेच स्वस्त. पण गिअरबॉक्स, आस आणि केबिन यांचे आयुष्य तीनच वर्षे उरले असेल, तर नव्या चासीचे आयुष्यही तीनच वर्षे; वर्षास १ लाख. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

चासी धड असेल तर वरचे सर्व बदलूनही ती फायद्यात राहते. १ जून १९४८ रोजी याच पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. त्या महामंडळाने २०२० मध्ये मालवाहतूक सुरू केली तेव्हा जुन्या प्रवासी गाड्यांचे रूपांतर करून मालाच्या गाड्या केल्या. तेथे वरचा सांगाडा थकला होता, खालची चौकट कामाची होती. येथे नेमके उलटे. राळेगणचे अण्णा हजारे १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात लष्कराचा ट्रक चालवीत होते; त्या गावात गाडी आणि जीव यांचा संबंध कोणास समजावून सांगावा लागत नाही. तरी थोरल्यांना दोन दिवस लागले.

गाडी मोडीत काढावयाचे ठरल्यास ती नोंदणीकृत केंद्रातच द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवीन मालवाहू वाहन घेताना रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे आणि नोंदणी शुल्क माफ होते. वाहन कायमचे निकामी झाल्याची खबर कलम ५५ अन्वये चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. ही खबर न देता गाडी परस्पर विकली, तर पुढे ती कोठे व कशी वापरली गेली याचा जाब मूळ मालकास विचारला जातो. कराची थकबाकी, बँकेचा बोजा आणि दंड आधी फेडून घ्यावेत, नाहीतर कागद अडतात.

या दोघा भावांनी गाडी मोडीत दिली. त्या हंगामात कांदा वाशीस भाड्याच्या गाडीने गेला. शेजारच्या तिघांचा माल एकत्र भरल्याने भाडे वाटून घेता आले. केंद्राच्या संमतीने हौद्याच्या सागवानी फळ्या मात्र त्यांनी उतरवून घेतल्या होत्या. त्या आता कांदाचाळीच्या तळाला बसविल्या आहेत. खालून हवा खेळावी म्हणून धाकट्यांनी दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली आहे.