एक उलटी परीक्षा

पुण्या-मुंबईकडील जे तरुण आज जर्मनींत नोकरीस आहेत, त्यांच्या पगाराच्या हिशेबांत दरमहा एक कपात दिसते. ती शुश्रूषा-विम्याची. हा विमा ऐच्छिक नाहीं. १९९४ सालीं तेथील संसदेनें कायदा केला, १ जानेवारी १९९५ पासून वर्गणी सुरू झाली आणि त्याच एप्रिलपासून घरीं राहणाऱ्या परावलंबी माणसांस साह्य मिळूं लागलें. २०२५ सालीं वर्गणीचा दर वेतनाच्या ३.६ टक्के होता. निपुत्रिकांस थोडी अधिक पडते.

ऐकणारांस नवल वाटेल, पण अर्जदार श्रीमंत कीं गरीब हें येथें पाहिलें जात नाहीं. मागील दहा वर्षांत निदान दोन वर्षें विमा असावा आणि परावलंबन सहा महिने तरी टिकण्याचा संभव असावा, एवढ्या अटी. खरा प्रश्न पुढेंच आहे. परावलंबन मोजावयाचें कसें ?

२०१६ अखेरपर्यंत तें घड्याळानें मोजीत. केंस विंचरण्यास एक ते तीन मिनिटें, सर्वांग धुण्यास वीस ते पंचवीस, असें कोष्टकच होतें. स्नान, भोजन व हालचाल यांच्या मदतीस रोज ४५ मिनिटांहून अधिक आणि घरकाम धरून एकूण निदान ९० मिनिटें लागत असतील, तरच पहिली पायरी मिळे. ज्या वृद्धाचे हातपाय धड, पण स्मृति गेलेली, जो शेगडी पेटती ठेवून रस्त्यावर निघतो, त्याच्यामागें घरचें माणूस दिवसभर फिरे. ती राखण मात्र कोणत्याच रकान्यांत बसत नसे. पुढें अशांना कांहीं साह्य जोडून देण्यांत आलें, पण मूळ माप चुकीचें होतें तें चुकीचेंच राहिलें.

१ जानेवारी २०१७ पासून मिनिटें गेलीं व गुण आले. विमासंस्थेनें नेमलेला परीक्षक घरीं येऊन पाहतो. स्वतःचें स्नान, भोजन, कपडे यांस १०० पैकीं ४० गुण, औषधोपचार सांभाळण्यास २०, दिनक्रम व लोकांत मिसळणें यांस १५, स्मृति आणि वर्तन या दोहोंपैकीं ज्यांत गुण अधिक पडतील त्यास १५, चालण्याफिरण्यास १०. शाळेंतल्या परीक्षेहून ही अगदीं उलटी : येथें जितके गुण अधिक, तितकी असहायता अधिक. साडेबारा गुणांस पहिली श्रेणी, २७ स दुसरी, ४७.५ स तिसरी, ७० स चौथी, ९० स पांचवी.

आणि म्हणूनच या परीक्षेंत स्वाभिमानी माणसें नापास होतात. परीक्षक येणार म्हणून आजीबाई ठेवणींतला पोशाख करतात, त्याच्यापुढें कॉफी ठेवतात आणि सांगतात, "माझें मी सगळें करतें." रोज गुंड्या लावण्यास मुलगी लागते, हें त्या तासाभरांत कोण बोलणार ? यासाठीं घरच्या माणसानें हजर असावें. आधीचे एक-दोन आठवडे कोणत्या कामास कोणाचा हात लागला, रात्रीं कितीदां उठावें लागलें, याची टिपणवही ठेवावी. वृद्धाच्या देखत बोलणें जड जात असेल, तर परीक्षकास बाजूस गांठून सांगावें. यांत लबाडी नाहीं. लपविणें हीच येथें चूक ठरते.

घरचींच माणसें शुश्रूषा करीत असल्यास २०२५ च्या दरानें दुसऱ्या श्रेणीस दरमहा ३४७ युरो, तिसरीस ५९९, चौथीस ८०० व पांचवीस ९९० मिळतात. पहिलीस ही रोख रक्कम नाहीं. पैसा रुग्णाच्या हातीं येतो. तो मुलीस द्यावा कीं शेजारणीस, हें त्यानें ठरवावें. व्यावसायिक परिचारिका घेतल्यास मर्यादा बरीच मोठी आहे. तथापि नोकरी सोडून घरीं बसलेल्या मुलीचें ३४७ युरोंत कांहीं भागत नाहीं, आणि सर्व खर्च भागविण्याचा दावा कायद्यानेंहि केलेला नाहीं.

अर्जास दूरध्वनीवरचें एक वाक्यहि पुरतें. लाभ मात्र अर्ज केलेल्या महिन्यापासूनच धरला जातो, मागील महिन्यांचा मिळत नाहीं; म्हणून दिरंगाई नुकसानीची. निर्णय साधारणतः २५ कामाच्या दिवसांत येतो. तो मान्य नसल्यास परीक्षकाचा अहवाल मागवून आपल्या वहीशीं ताडून पाहावा आणि एक महिन्याच्या आंत लेखी हरकत घ्यावी.