विलंबित लयीतला संसार

रॉक संगीत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? केस वाढवलेली पोरं, कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, घामाघूम होऊन ड्रम बडवणारा कुणीतरी आणि समोर बेभान नाचणारी गर्दी. शेजारच्या घरातून असला आवाज यायला लागला की आपण मुकाट्याने खिडकी लावून घेतो. तेव्हा आज एका अमेरिकन रॉक बँडची हकिगत सांगते म्हटल्यावर तुम्ही पान उलटायच्या बेतात असाल. पण जरा थांबा. कारण हा बँड म्हणजे एक नवरा, एक बायको, त्यांची दोन मुलं आणि बत्तीस वर्षांचा संसार आहे. आणि या बँडचा लौकिक झाला तो हळू आवाजासाठी आणि त्याहूनही हळू लयीसाठी!

बँडचं नाव ‘लो’. नावातच सगळं आलं, नाही का? खालचा सूर, दबका आवाज.

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथल्या क्लिअरब्रुक या जेमतेम पाचशे वस्तीच्या गावात मिमी पार्कर आणि ॲलन स्पारहॉक यांची शाळेत ओळख झाली तेव्हा दोघं नऊ-दहा वर्षांची होती. मिमीच्या घरात गाणं होतं. तिच्या आईला गायिका व्हायची हौस होती आणि मिमी बहिणीबरोबर सुरात सूर मिसळून गायची. १९९० मध्ये मिमी आणि ॲलनचं लग्न झालं आणि दोघांनी डुलुथ या गावी बिऱ्हाड केलं. डुलुथ लेक सुपीरिअरच्या काठावर आहे. लेक म्हणायचं आपलं! महाराष्ट्राचा पाव भाग आत मावेल एवढं ते सरोवर. लोखंडाच्या खनिजाने भरलेल्या बोटी बंदरातून सुटतात आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर उतरतो. प्रसिद्ध गीतकार-गायक बॉब डिलन १९४१ मध्ये याच गावी जन्मला. पण त्याने नाव कमावलं ते गाव सोडून गेल्यावर. हे दोघं मात्र तिथेच राहिले.

१९९३ मध्ये बँड उभा राहिला. तो काळ ‘निर्वाणा’सारख्या बँडचा. जो तो गिटारचा आवाज वाढवत होता. सगळेच एवढ्या मोठ्यानं वाजवतायत, तर आपण अगदी हळू वाजवून बघितलं तर? ॲलनच्या डोक्यात हे आलं आणि ड्रम वाजवायला त्याने बायकोलाच उभं केलं. उभं केलं हे शब्दशः खरं आहे हं! रॉकमधला ड्रमवाला सात-आठ नगांच्या पसाऱ्यात बसून वाजवतो. मिमी मात्र उभी राहायची आणि तिच्यापुढे एक-दोन ड्रम आणि एक झांज, एवढाच संसार. हातात लाकडी काठ्यांऐवजी बहुतेक वेळा तारांचे ब्रश. एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत ऐकणाऱ्याने श्वास रोखून धरावा. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकताना समेची वाट बघतो ना, तसंच काहीसं. १९९४ मध्ये पहिली रेकॉर्ड आली, ‘आय कुड लिव्ह इन होप’. तिसरा सोबती बास गिटारवर. ती जागा पुढच्या काळात चौघा-पाच जणांनी सांभाळली. बाकी दोन जागा कधीच बदलल्या नाहीत.

आता विचार करा, असलं गाणं गायचं कुठे? तर दारूच्या गुत्त्यात! तिकडे नव्या बँडना व्यासपीठ मिळतं ते बारमध्ये. आणि ही दोघं मॉर्मन पंथाची. या पंथात दारू-सिगारेट तर सोडाच, चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य. (चहाशिवाय दिवस! आपल्याला कल्पना तरी करवते का?) समोरची मंडळी ग्लास आपटत, मोठमोठ्यानं गप्पा मारत बसलेली. दुसरा एखादा बँड असता तर त्याने आवाज वाढवला असता. हे काय करायचे, तर आणखी कमी करायचे. वर्ग गोंगाट करायला लागला की आवाज उतरवून बोलणारी एखादी बाई आपल्या प्रत्येकीच्या शाळेत होती, तीच युक्ती! हळूहळू लोक गप्प होत. पुढे पुढे तर त्यांचे श्रोते चक्क जमिनीवर मांडी ठोकून ऐकू लागले. अर्थात दर वेळी साधायचंच असं नाही. १९९६ मध्ये ऑस्टिनच्या मोठ्या संगीतमेळ्यात त्यांच्या खालच्याच मजल्यावर एका दणदणाटी बँडचा कार्यक्रम लावलेला होता. तिथे यांचं गाणं ऐकू येणार कुणाला!

गाणं कुणाचं?

मला सांगायचं आहे ते खरं इथून पुढे. जोडप्याने मिळून काही काम केलं की जगाचा हिशेब ठरलेला असतो. काम त्याचं, साथ तिची. दुकान त्याचं, ती गल्ल्यावर ‘बसते’. ‘लो’बद्दलही हे झालंच. गिटार ॲलनच्या हातात, बहुतेक गाणी पुढे होऊन तो गायचा, मुलाखतीत बोलायचाही तोच जास्त. मिमी मितभाषी. मग लिहिणारे लिहीत, ‘पत्नीची सुरेल साथ’.

पण त्यांची गाणी तयार कशी होत ते बघा. पहिला धागा बहुधा ॲलनच्या हाती लागे. एखादी ओळ, गिटारवरची एखादी सुरावट. पहिली श्रोती घरातच. तिच्या कानाला जे खोटं वाटेल ते गळून पडायचं. त्यांच्या गाण्यांत शब्द अगदी मोजके, तीन-चार ओळी, त्याच पुन्हा पुन्हा येतात आणि दर खेपेला अर्थ थोडा सरकतो. जात्यावर बसलेली बाई दोन-चार ओळींत सगळं माहेर-सासर मांडायची, त्याची आठवण यावी. मग मिमीचा सूर कुठे येणार ते ठरायचं, आणि खरं गाणं तिथे घडायचं. ती येते ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ओळीला, वरच्या सुरात, न कापणाऱ्या आवाजात. ती येईपर्यंत ते एका माणसाचं गाऱ्हाणं असतं. ती आली की त्याची प्रार्थना होते. बरं, रेकॉर्डवर गाण्यांचं श्रेय एकट्या ॲलनला दिलेलं नसतं, ते सगळ्या बँडच्या नावावर असतं. हा हिशेब त्यांनी स्वतः सुरुवातीपासून चोख ठेवला. काय घालायचं यापेक्षा काय वगळायचं हे ठरवणं अवघड, हे भाजीपासून पत्रापर्यंत सगळ्याला लागू आहे, आणि माझ्या मते ‘लो’मधलं ते अवघड काम मिमीचं होतं.

२००० मध्ये पहिली मुलगी झाली. पुढच्या वर्षी ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ ही रेकॉर्ड निघाली. तिच्यातलं शेवटचं गाणं तुम्ही जरूर ऐका. बाळाचे पहिले बूट धातूत मढवून ठेवायची तिकडे एक जुनी रीत आहे. गाण्यातली आई म्हणते, बुटांचं काय घेऊन बसलात, हे इवलंसं अंगच जपून ठेवता आलं तर! आपण नाही का, मुलगा मिशीवाला झाला तरी त्याची झबली-टोपडी ट्रंकेच्या तळाशी ठेवतो? तीच वेडी माया. पण तिचं रॉक गाणं होऊ शकतं हे कुणाला सुचलं असतं?

२००४ मध्ये मुलगा झाला. मुलांना कुणाकडे ठेवून दौरे करायचे हे त्यांना पटलं नाही, मग मुलंही गाडीत! स्वतंत्र बँडचं जगणं काय असतं याची कल्पना तुम्हाला असावी म्हणून सांगते. मोठ्या कंपनीचं पाठबळ नाही, खासगी विमानं नाहीत. आधी शिकागोची ‘क्रँकी’ ही छोटी कंपनी, मग २००५ पासून सिॲटलची ‘सब पॉप’. रेकॉर्ड काढायची आणि गावोगाव गाडी हाकत कार्यक्रम करायचे. आपल्या नाटक मंडळींच्या दौऱ्यांची आठवण यावी असं ते सगळं. आणि त्यातच दूध, लंगोट, परवचा!

सगळं गोडगोड होतं असं मात्र समजू नका. २००५ च्या वसंतात ॲलनचं मन ढासळलं. नैराश्याने त्याला इतकं घेरलं की ठरलेला दौरा रद्द करावा लागला. लपवाछपवी न करता त्याने चाहत्यांना पत्र लिहून आपली अवस्था कळवली. त्याच वर्षी बास गिटारवाला सोबतीही सोडून गेला. घरात एक पाच वर्षांची आणि एक वर्षभराचं. बँड मोडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण २००७ मध्ये पुढची रेकॉर्ड आली, आणि ती आधीच्यांपेक्षा जास्त धीट होती.

२०१३ च्या ‘द इनव्हिजिबल वे’मध्ये अकरापैकी पाच गाण्यांत मुख्य आवाज मिमीचा आहे. त्याआधी तिच्या वाट्याला एका रेकॉर्डमध्ये एक-दोन गाणी येत. त्या पाचांतलं ‘होली घोस्ट’ त्याच वर्षी मेव्हिस स्टेपल्स या कृष्णवर्णीय भक्तिगायिकेने स्वतःच्या रेकॉर्डमध्ये घेतलं. मॉर्मन घरातल्या बाईचं गाणं चर्चमध्ये वाढलेल्या ज्येष्ठ गायिकेच्या तोंडी! माझ्या लेखी कुठल्याही पारितोषिकापेक्षा हे मोठं. त्याच वर्षी मिनिआपोलिसच्या एका खुल्या मेळ्यात हजारो लोकांपुढे यांनी काय करावं? एकच गाणं, सत्तावीस मिनिटं! पैसे भरून आलेले काहीजण खूप चिडले. मला विचाराल तर पाहुणे जेवायला बोलावून एकच पदार्थ वाढण्यासारखं आहे हे. पण तो पदार्थ असा, की जेवलेले अजून नाव काढतात.

पन्नाशीला टेकलेली माणसं सहसा जुन्या यशावर बसतात. यांनी ‘डबल निगेटिव्ह’ (२०१८) आणि ‘हे व्हॉट’ (२०२१) या दोन रेकॉर्डमध्ये आपलाच आवाज फाडून, चिरडून टाकला. बी. जे. बर्टन या तंत्रज्ञाबरोबर बसून वाद्यांचं असं रूप केलं की रेडिओ बिघडलाय की काय असं वाटावं. त्या खरखरीतून दोघांचे आवाज मात्र स्वच्छ वर येतात. ‘हे व्हॉट’ला ध्वनिलेखनासाठी ग्रॅमीचं नामांकन मिळालं. त्या रेकॉर्डच्या वेळी बँडमध्ये माणसं उरली होती दोनच. नवरा आणि बायको.

२०२० च्या टाळेबंदीत दौरे थांबले, तेव्हा दर शुक्रवारी ही दोघं घरूनच इंटरनेटवर गायची.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिमीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. जगाला तिने हे सांगितलं ते थेट जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे ‘हे व्हॉट’ बाहेर आली, कौतुक झालं, तेव्हा घरात उपचार चालू होते. त्याही अवस्थेत तिने कार्यक्रम केले. (जाता जाता, बायांनो: या आजाराची लक्षणं फसवी असतात. पोट फुगल्यासारखं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जावं लागणं. ‘गॅस झाला असेल’ म्हणून आपण ओवा चावतो. दोन-तीन आठवडे रोज असं होत असेल तर ओवा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.) ५ नोव्हेंबर २०२२ रोजी मिमी गेली. वय पंचावन्न.

तिच्याबरोबर ‘लो’ही संपला. ज्यांनी तीस वर्षं तिला ‘साथ’ म्हटलं होतं त्यांनाही तेव्हा कळलं, की साथीदार गेला तर दुसरा बघता येतो. इथे तसं काही शक्यच नव्हतं.

तुम्हाला ऐकावंसं वाटलं तर १९९९ ची नाताळची छोटी रेकॉर्ड आधी घ्या, ती सोपी आहे. मग २००१ ची, मग २०१३ ची. रात्री ओटा पुसून झाला, मुलं झोपली, की मोबाइलवर अगदी बारीक आवाजात लावा. शेवटच्या दोन मात्र एकदम घेऊ नका, अंगावर येतील.

ॲलनने २०२४ मध्ये एकट्याची रेकॉर्ड काढली. तिच्यात त्याने स्वतःचा आवाज यंत्रातून काढून इतका बदलून टाकला आहे की ओळखू येऊ नये. इतकी वर्षं जो आवाज कायम दुसऱ्या आवाजाच्या जोडीने ऐकला, तो एकटा ऐकवेना, असं काही असेल का? २०२५ मध्ये मात्र तो पुन्हा साध्या, उघड्या गळ्याने गायला. सोबतीला डुलुथचाच, ओळखीच्या मंडळींचा बँड होता. त्यातल्या एका गाण्यात त्याच्या आवाजाशेजारी एक तरुण बाईचा आवाज येतो. तो त्यांच्या मुलीचा आहे.