दोन किलोच्या बाळाला थंडी अधिक का बाधते?



बारामती तालुक्यातील पणदरे हे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे गाव. दिवाळी सरली, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की या भागात उसाच्या फडांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. बीड, जालना, परभणीकडून ऊसतोड मजुरांची कुटुंबे येतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मजूर स्त्रियांपैकी काही गरोदर असतात. त्यांच्यापैकी एखादीचे बाळ ऐन डिसेंबरात जन्मते, आणि ते दोन किलोचेच भरते. पहाटे कोपीत पारा पंधरा अंशांपर्यंत उतरलेला असतो. आईला गोधडी पुरते; त्याच गोधडीतले बाळ मात्र गार पडते. असे का व्हावे?

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्या गणिताच्या वहीतच आहे.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ 1 आणि पृष्ठफळ 6. आता तीन सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. घनफळ 27, पृष्ठफळ 54. लहान घनात घनफळाच्या दर एककामागे 6 एकके पृष्ठभाग आहे, मोठ्यात फक्त 2. आता आई 54 किलोची आणि बाळ 2 किलोचे धरा. वजनांचे गुणोत्तर 27 आले! माणूस काही घनाकृती नसतो, पण हिशेब ढोबळमानाने लागू पडतो. उष्णता अंगात साठते ती वजनाच्या प्रमाणात आणि बाहेर जाते ती कातडीच्या पृष्ठभागातून. म्हणजे किलोमागे पाहिले तर बाळाची उष्णता बाहेर पडण्याची वाट आईच्या तिप्पट रुंद आहे.

शिवाय नवजात बाळाला मोठ्या माणसासारखे कुडकुडता येत नाही. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी काम करून उष्णता निर्माण करणे. त्याऐवजी बाळाजवळ मानेभोवती व पाठीत खांद्यांच्या मध्ये एक खास तपकिरी मेद असतो. तो जाळून ते ऊब मिळवते. दिवस भरण्यापूर्वी किंवा कमी वजनाचे जन्मलेल्या बाळाजवळ हे सरपणच थोडे, आणि ते जाळायला प्राणवायू व साखर खर्ची पडते. गारठलेले बाळ मलूल होते, नीट चोखत नाही, आणि दूध पोटात गेले नाही की आणखी गारठते.

आता ओल्या अंगाचे गणित पाहू. बाळ जन्मते तेव्हा ते ओलेच असते. समजा, त्याच्या अंगावरचे दहा ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे, पाणी तसेच वाळू दिले. कातडीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी लागतात. दहा ग्रॅमला 5800. माणसाच्या शरीराची विशिष्ट उष्णता 0.83 धरली तर दोन किलोच्या बाळाचे तापमान एका अंशाने उतरायला 1660 कॅलरी जाव्या लागतात. भागाकार करा : साडेतीन अंश! अर्थात सगळी उष्णता अंगातूनच जाते असे नाही, काही हवेकडूनही मिळते, आणि बाळ स्वतः उष्णता निर्माण करतच असते. प्रत्यक्ष घट त्यामुळे कमी असते. पण नवजात बाळाचे तापमान साडेछत्तीस अंशांच्या खाली जाणे हेच काळजीचे मानतात, तेव्हा एक अंशही थोडा नव्हे. जन्मल्याबरोबर बाळाला आंघोळ घालण्याची आपल्याकडील जुनी चाल या हिशेबात कुठे बसते, ते तुम्हीच ठरवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की आधी कोरडे पुसा आणि आंघोळ निदान एक दिवस लांबवा.

हा प्रश्न एकट्या पणदऱ्याचा नाही. 2022 साली जगभरात सुमारे 23 लाख बाळे पहिल्या 28 दिवसांतच दगावली, म्हणजे रोज सहा हजारांवर. देशादेशांची तुलना करायची तर नुसती संख्या उपयोगाची नाही, कारण मोठ्या देशात जन्मही जास्त. म्हणून दर हजार जिवंत जन्मांमागे किती, असे विचारतात. 2020 च्या नमुना नोंदणीप्रमाणे हा आकडा भारतात 20 आणि महाराष्ट्रात 11 होता. जपानमध्ये तो एकाहूनही कमी आहे. यातली सगळीच बाळे थंडीने जात नाहीत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गुदमरणे, जंतुसंसर्ग ही मोठी कारणे. थंडी या सगळ्यांना हात देते.

जपानची इस्पितळे कोपीपाशी कुठून आणायची? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत प्रयोग केला. गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले. त्यांच्याजवळ वजनकाटा, तापमापक, बाळासाठी उबदार पिशवी आणि जंतुसंसर्गावरचे औषध. त्या घरोघर जाऊन बाळ तपासत. प्रयोग न केलेल्या शेजारच्या 47 गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मला स्वतःला याच संस्थेचे आधीचे एक उपकरण फार आवडते. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि पुष्कळ सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत. म्हणून एका फळीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, की बाळ आजारी. प्रयोगशाळेतील कित्येक महागड्या यंत्रांपेक्षा मला ही फळी थोर वाटते.

2011 पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्या याच वाटेने : इस्पितळात जन्मलेल्या बाळाला 42 दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. पण कोपीतल्या बाळाची अडचण पाहा. आईची नोंद गावाकडे आणि बाळ इथे. दोन गावांतल्या दोन आशाताईंनी एकमेकींना कळवले नाही, तर ते बाळ दोन्ही याद्यांतून निसटते. ही अडचण पदार्थविज्ञान सोडवू शकत नाही.

उबेची मात्र सोडवते. 1978 साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या इस्पितळात पेट्या कमी पडत आणि एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. त्यांनी कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीसारखी म्हणून ती ‘कांगारू’ पद्धत. न्यूटनचा शीतनाचा नियम आठवा : उष्णता जाण्याचा वेग तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो. पंधरा अंशांच्या हवेत हा फरक वीस अंशांचा. आईच्या कातडीला लागलेल्या बाजूला तो जवळजवळ शून्य. वर टोपी आणि गोधडी असली की दुसरी बाजूही राखली जाते. भारतासह पाच देशांतील इस्पितळांत, एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आत वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे ठेवून पाहिले. त्याचे निष्कर्ष 2021 साली आले. नेहमीच्या पद्धतीत 28 दिवसांत शंभरांतली सुमारे 16 बाळे दगावली, तर या पद्धतीत 12.

घरी एक प्रयोग करा. एक मोठे पातेले आणि एक वाटी सारख्याच गरम पाण्याने भरून झाका. शेजारी तशीच दुसरी वाटी ओले फडके गुंडाळून ठेवा. दर पाच मिनिटांनी तिन्हींचे तापमान टिपा आणि आलेख काढा. मग ओले फडके काढून ती वाटी कोरड्या लोकरीत गुंडाळा, पुन्हा तितकेच गरम पाणी भरा आणि चौथी रेषा त्याच आलेखावर काढा.