भोर समितीचा हिशेब आणि खानदेशातली रिक्त पदे

1946 साली पूर्व खानदेशातल्या एखाद्या गावात माणूस दगावला, की तो कशाने गेला हे ठरवायचे काम गावच्या पाटलाकडे असे. जन्ममृत्यूच्या रजिस्टरात ठरावीक रकाने होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वासाचे विकार, इजा. शेवटी अंग तापले होते एवढे घरच्यांनी सांगितले, की नोंद 'ताप' या रकान्यात. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, सगळे तिथेच जमा. हे आकडे तालुक्याच्या कचेरीतून पुण्याला डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थच्या कार्यालयात पोचत आणि त्यावरून इलाख्याच्या आरोग्याचे चित्र काढले जाई.

माणूस आजारी असताना त्याला बघणारी यंत्रणा मात्र वेगळी होती. 1906 मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव आणि पश्चिमचे धुळे. दोन्हीकडे सिव्हिल सर्जन असे आणि त्याचा वरिष्ठ मुंबईत, सर्जन जनरल. म्हणजे उपचार मुंबईच्या हुकमाने आणि रोगप्रतिबंध पुण्याच्या. तालुक्याच्या गावचे बरेच दवाखाने यांपैकी कोणाचेच नव्हते, ते डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डाचे. खेड्यापर्यंत पायी किंवा बैलगाडीने जाणारा सरकारी माणूस म्हणजे देवी टोचणारा. लोक त्याला 'देवी डॉक्टर' म्हणत. याखेरीज सबसिडीची एक योजना होती. खाजगी डॉक्टरने खेड्यात दवाखाना थाटावा आणि सरकारने त्याला ठरावीक रक्कम द्यावी, अशी. कागदोपत्री त्याला एस.एम.पी. सेंटर म्हणत.

दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रणा आणखी विरली. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी लष्कराकडे वळवले गेले, तरुण डॉक्टरही फौजेत भरती झाले. युद्ध चालू असतानाच, ऑक्टोबर 1943 मध्ये, सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. ते जन्माने नाशिकचे, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले. समितीचा अहवाल 1946 मध्ये आला आणि आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कुंडली त्यात सापडते.

समितीने मोजले ते असे: ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 6,300 माणसांमागे एक डॉक्टर, तर नर्स 43,000 माणसांमागे एक. पूर्व खानदेशची वस्ती 1941 च्या खानेसुमारीत सुमारे 13 लाख होती. देशाची सरासरी लावली, तर जिल्ह्याच्या वाट्याला दोनशेच्या आसपास डॉक्टर येतात आणि नर्सा अवघ्या तीस. आता समितीची अल्पमुदतीची मागणी पाहा. 40,000 वस्तीला एक प्राथमिक केंद्र आणि त्यात 2 डॉक्टर, 4 पब्लिक हेल्थ नर्स, 1 नर्स, 4 सुईणी, 4 प्रशिक्षित दाया, 2 सॅनिटरी इन्स्पेक्टर, 1 कंपाउंडर आणि इतर नोकरवर्ग. पूर्व खानदेशाला अशी 32-33 केंद्रे लागली असती. त्यांना डॉक्टर हवे होते 65 च्या घरात आणि नर्सा 160 च्या वर. डॉक्टर निदान शहरांत तरी बसलेले होते, त्यांना खेड्यात आणायचा प्रश्न होता. नर्सा मुळात नव्हत्याच.

पुढचा सगळा गुंता या हिशेबातून झाला.

नर्सांच्या बाबतीत देशाने व्यवहारी वाट धरली. 1950 च्या दशकात एएनएमचा, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफचा, आखूड अभ्यासक्रम निघाला. कमी शिकलेल्या मुलींनाही त्यात प्रवेश होता आणि शिक्षण नेमके खेड्यातल्या कामाचे होते: बाळंतपण, लसीकरण, घरभेटी. आज उपकेंद्रावर असते ती 'नर्सबाई' याच वाटेने आलेली.

डॉक्टरांच्या बाबतीत उलट झाले. समिती बसली तेव्हा देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी तीन पंचमांशांहून अधिक लायसेन्शिएट होते, म्हणजे पदवीधर नव्हेत, आखूड अभ्यासक्रम करून परवाना घेतलेले. आपल्याकडे ते एल.सी.पी.एस. म्हणून ओळखले जात, जुन्या पाट्यांवर ही अक्षरे अनेकांनी वाचली असतील. समितीने हा अभ्यासक्रम बंद करून देशभर एकच पदवीधर 'बेसिक डॉक्टर' घडवायची शिफारस केली. काही सदस्यांनी या मुद्द्यावर वेगळे मत नोंदवले, पण ते मागे पडले. त्याच 1946 मध्ये लायसेन्शिएट घडवणाऱ्या पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे पदवीचे कॉलेज झाले.

खेड्याला दुय्यम डॉक्टर का द्यायचा, हा समितीचा प्रश्न प्रामाणिक होता. पण पदवीधर खेड्यात जाईल याची तजवीज होण्याआधीच, तिथे जाण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेला वर्ग आटू दिला, हे मला चुकलेले वाटते. ती जागा रिकामी राहिली नाहीच. आज सातपुड्याच्या पट्ट्यात भरारी पथकातले मानसेवी डॉक्टर पाहा, किंवा उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी. त्यांत बीएएमएस झालेलेच बहुतेक. ज्या मधल्या फळीची गरज नाही असे 1946 मध्ये ठरले, ती दुसऱ्या नावाने आणि बहुतेक वेळा कंत्राटी पगारावर परत उभी करावी लागली.

दोन खुर्च्यांचा प्रकारही तसाच टिकला. उपचार आणि प्रतिबंध एका छत्राखाली आणा, हा समितीचा आग्रह होता. प्राथमिक केंद्राच्या पातळीवर ते साधले. 1952 पासून समुदाय विकास योजनेतून जी केंद्रे निघाली, तिथे एकच डॉक्टर ओपीडीही बघे आणि लसीकरणही. पण 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, लोकल बोर्डे गेली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आली. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे थेट राज्य सरकारकडे राहिली.

याचा अर्थ रुग्णाच्या बाजूने बघू. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर बाईला कळा सुरू झाल्या. आशाताई तिच्याशी पावरीत बोलते, गाडी बोलावते आणि तिला उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आणते. इथपर्यंत सगळे जिल्हा परिषदेचे. मूल आडवे आहे, पुढे पाठवायला हवे. चोपड्याचे उपजिल्हा रुग्णालय शल्यचिकित्सकांचे. तिथे भूलतज्ज्ञ नसेल, तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ते 2018 मध्ये सुरू झाले आणि ते येते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. धुळ्याच्या बाजूला शेवटचा मुक्काम भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, तेही त्याच खात्याचे. एका बाळंतपणात तीन कारभार ओलांडले जातात आणि प्रत्येक ठिकाणी केसपेपर नवा.

कागदावर आजचे प्रमाण भोर समितीच्या अल्पमुदतीच्या मागणीपेक्षा चांगले आहे: सपाटीवर 30,000 आणि आदिवासी भागात 20,000 वस्तीला एक केंद्र, साधारण दोन वैद्यकीय अधिकारी, शिवाय 5,000 किंवा 3,000 वस्तीला उपकेंद्र. पण मंजूर पद म्हणजे डॉक्टर नव्हे. पद भरले जाते, मग डॉक्टर पदव्युत्तर शिक्षणाला जातो, किंवा प्रतिनियुक्तीवर शहराजवळ येतो, किंवा बंधपत्राचे एक वर्ष संपवून निघतो. यातल्या प्रतिनियुक्तीचा प्रकार सर्वांत फसवा. पगारपत्रकात डॉक्टर केंद्रावर असतो, ओपीडीत नसतो.

म्हणून आपल्या तालुक्याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवायची, तर दोन अर्ज करावे लागतात, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि दुसरा शल्यचिकित्सकांकडे. मंजूर, भरलेली आणि रिक्त असे तीन आकडे दोघेही देतात. चौथा मागावा: भरलेल्या पदांवरचे किती जण प्रतिनियुक्तीवर आहेत आणि कुठे. कंत्राटी माणसे वेगळी मोजायला सांगावी, नाहीतर ती भरलेल्या पदांत मिसळून येतात.