मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर उतरवताना

संगणकातली हार्ड डिस्क ५०० जीबीची, तीत भरलेली माहिती जेमतेम ९० जीबी आणि नव्याने आणलेली एसएसडी २४० जीबीची. हिशेब शाळकरी मुलालाही सुटावा इतका सोपा आहे. तरीही जुन्या डिस्कची इमेज नव्या डिस्कवर उतरवू लागताच अनेक प्रोग्राम नवी डिस्क पुरेशी मोठी नसल्याचे सांगून थांबतात. ९० जीबीसाठी २४० जीबी अपुरे कसे, या प्रश्नाचे उत्तर डिस्कवर माहिती किती आहे यात नसून ती कुठे आहे यात दडलेले आहे.

हा प्रश्न आज घरोघरी आणि लहान कार्यालयांत पडतो, त्याला कारण आहे. पाच-सात वर्षांपूर्वीचा संगणक फिरत्या हार्ड डिस्कमुळे रेंगाळत असेल, तर एसएसडी बसवण्याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. आता कोणी म्हणेल, विंडोज नव्याने घालावे आणि मोकळे व्हावे. परंतु ज्या कार्यालयात टॅलीची जुनी आवृत्ती चालते, ज्या छापखान्यात युनिकोडपूर्व श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला वीस वर्षांचा मजकूर पडून आहे, ज्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची सीडी केव्हाच गहाळ झाली आहे, तिथे ‘नव्याने घालणे’ म्हणजे आठवडाभराचे काम ठप्प. तिथे जसा आहे तसाच संगणक नव्या डिस्कवर हवा असतो. आणि नेमक्या अशाच ठिकाणी माहितीची दुसरी प्रत बहुधा कुठेही नसते.

डिस्कचे मोजमाप सेक्टरमध्ये होते. एक सेक्टर साधारणपणे ५१२ बाइटचा. बाजारातल्या ५०० जीबीच्या डिस्कवर सहसा ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात, तर २४० जीबीच्या एसएसडीवर ४६,८८,६२,१२८. प्रत्येक सेक्टरला शून्यापासून सुरू होणारा क्रमांक असतो आणि फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद अशा क्रमांकांच्याच भाषेत होते. (जाता जाता: कंपन्या जीबी दशमान पद्धतीने मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ आणि २४० ची २२३ दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते.) फाइली पहिल्या सेक्टरपासून ओळीने रचलेल्या असतात, हा समज चुकीचा आहे. वर्षानुवर्षांच्या वापरात त्या डिस्कभर विखुरतात. ९० जीबीपैकी एखादी फाइल ४०० व्या जीबीच्या आसपास बसलेली असू शकते आणि २४० जीबीच्या डिस्कवर तो पत्ताच अस्तित्वात नसतो.

आता इमेज म्हणजे काय ते पाहू. डिस्कवरील सर्व काही एकाच फाइलमध्ये बांधून ठेवणे म्हणजे इमेज. न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यास तयार केलेला आणि १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलेला घोस्ट हा प्रोग्राम या कामासाठी इतका रूढ झाला, की ‘घोस्ट करणे’ असे क्रियापदच संगणक दुरुस्तीच्या दुकानांत तयार झाले. घरगुती वापराचा नॉर्टन घोस्ट २०१३ मध्ये बंद झाला. क्रियापद मात्र टिकले.

इमेज घेण्याच्या पद्धती मुख्यत्वे तीन. पहिलीत प्रत्येक सेक्टर, भरलेला असो वा रिकामा, जसाच्या तसा उचलला जातो. दुसरीत फक्त वापरात असलेले भाग उचलले जातात. तिसरीत सेक्टरचा विचारच नसतो, केवळ फाइली आणि त्यांचे गुणधर्म नोंदले जातात. घर बदलण्याचा दाखला घ्यायचा तर पहिली पद्धत अख्खे घर भिंतींसह उचलण्याची, तिसरी सामान खोक्यांत भरून नव्या घरात सोयीने लावण्याची.

घोटाळा होतो तो दुसऱ्या पद्धतीत. तैवानमध्ये विकसित झालेला क्लोनझिला हा मोफत आणि अतिशय चांगला प्रोग्राम सामान्यपणे याच पद्धतीने काम करतो. आपली ९० जीबी माहिती दाबून तो ५०-६० जीबीची इमेज करतो आणि ती पाहून आपल्याला वाटते, आता ही कुठेही मावेल. प्रत्यक्षात इमेजमध्ये रिकाम्या जागा नसल्या तरी प्रत्येक भागाचा मूळ क्रमांक असतो आणि तो भाग परत त्याच क्रमांकावर ठेवला जातो. म्हणून इमेज लहान असूनही उतरवण्यासाठी पार्टिशन मूळच्या इतके किंवा त्याहून मोठे लागते. विंडोज ७ सोबत आलेल्या सिस्टिम इमेजचाही असाच आग्रह असतो. नव्या डिस्कचा आकार तपासू नये आणि पार्टिशन प्रमाणात लहान करावीत, अशा सूचना क्लोनझिलाला देता येतात. परंतु त्या केवळ बाहेरच्या कुंपणापुरत्या आहेत. आतली फाइल सिस्टिम मोठीच राहिली असेल, तर त्यांचा उपयोग नाही.

डिस्क मध्येच कापून पहिले २४० जीबी उतरवले तर? हा उद्योग करणारे भेटतात. पण फाइल सिस्टिम आपला स्वतःचा आकार आपल्या सुरुवातीलाच लिहून ठेवते. एनटीएफएस तर आपल्या पहिल्या सेक्टरची राखीव प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरात ठेवते. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर पार्टिशनच्या कोष्टकाची दुसरी प्रतही डिस्कच्या टोकाला असते. टोक कापले की या नोंदी जातात आणि उरलेली फाइल सिस्टिम जी जागा स्वतःची म्हणून सांगते, ती अस्तित्वातच नसते.

आतून बाहेर

तेव्हा आकुंचनाचा क्रम ठरलेला आहे: आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन, शेवटी डिस्क. विस्ताराचा क्रम याच्या नेमका उलट. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधील ‘श्रिंक व्हॉल्यूम’ पहिल्या दोन्ही पायऱ्या एकत्र उरकते. मात्र त्यापूर्वी जुन्या डिस्कची एक पूर्ण, न आकुंचित केलेली इमेज बाहेरच्या डिस्कवर घेणे अनिवार्य समजावे. आकुंचन म्हणजे आपल्या एकमेव प्रतीवर केलेली शस्त्रक्रिया आहे. ती चालू असताना वीज गेली किंवा जुनी डिस्क आधीच खराब होत असली, तर मागे फिरायला वाट उरत नाही. त्याआधी डिस्क चेक करून फाइल सिस्टिममधील दोष काढून टाकावेत, हेही आलेच.

इथे वापरकर्त्याला दुसरा धक्का बसतो. ४६५ पैकी ३७५ जीबी रिकामी असताना विंडोज सांगते, आकुंचन होईल ते अमुक इतकेच, आणि तो आकडा कधी कधी केविलवाणा असतो. कारण काही फाइली चालू विंडोज हलवू शकत नाही. पेजिंगची फाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंटसाठी साठवलेल्या प्रती आणि एनटीएफएसचे स्वतःचे कोष्टक यांपैकी एखादी पार्टिशनच्या मध्यावर ठाण मांडून बसली, की त्यापलीकडची रिकामी जागाच मोकळी करता येते. उपाय असा: हायबरनेशन बंद करावे, पेजिंग फाइल तात्पुरती काढावी, सिस्टिम प्रोटेक्शन थांबवून जुने रिस्टोअर पॉइंट पुसावेत, संगणक पुन्हा सुरू करून आकुंचन करून पाहावे. तरीही अडले तर इव्हेंट व्ह्यूअरमधील अॅप्लिकेशन लॉगमध्ये डीफ्रॅगच्या नावाने २५९ क्रमांकाची नोंद शोधावी. कोणती फाइल आडवी आली आहे तिचे नाव तिथे चक्क लिहिलेले असते. हे फारसे कुणी सांगत नाही, पण त्याने तासांची झटापट वाचते. तेवढ्यानेही भागले नाही, तर जीपार्टेडसारखा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून सुरू करून, म्हणजे विंडोज झोपलेले असताना, काम करावे. त्यासाठी विंडोज खरोखर बंद झालेले हवे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद केलेला संगणकही अर्धवट निद्रेत असतो आणि बाहेरचे प्रोग्राम अशा पार्टिशनला हात लावायला नकार देतात.

सी ड्राइव्ह २२३ जीबीपर्यंत काटोकाट आणू नये. १८० किंवा २०० पर्यंत आणावा. थोडी जागा सोडण्याचे नुकसान काही नाही, कारण शेवटी नव्या डिस्कवर तो क्षणात वाढवता येतो.

एवढे करूनही प्रोग्राम पुन्हा नकार देतो, तेव्हा दोष बहुधा रिकव्हरी पार्टिशनचा असतो. विंडोज बसवताना ते अनेकदा सी ड्राइव्हच्या पाठीमागे, डिस्कच्या टोकाला तयार होते. सी ड्राइव्ह लहान केला तरी हे काहीशे एमबीचे पार्टिशन ४६५ व्या जीबीपाशीच राहते आणि मध्ये मोठे ओसाड रान तयार होते. जीपार्टेडने ते ओढून सी ड्राइव्हला चिकटवावे. किंवा विंडोजच्या रीएजंटसी या आज्ञेने रिकव्हरी तात्पुरती निष्क्रिय करावी, ज्यायोगे तिची फाइल सी ड्राइव्हवर परत येते, मग पार्टिशन पुसावे आणि नव्या डिस्कवर रिकव्हरी पुन्हा सुरू करावी.

लिनक्सवर एक्स्ट-४ फाइल सिस्टिम माउंट केलेली नसताना लहान करता येते. एक्सएफएस मात्र व्यवहारात लहान होत नाही, तिथे फाइली उचलूनच नेणे भाग.

खोकी बांधून नेणे

माझ्या मते विंडोजसाठीही तिसरी पद्धत, फाइली उचलण्याची, अधिक सुरक्षित आहे आणि तिचा विचार व्हावा तितका होत नाही. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्ट स्वतः याच पद्धतीची विम ही रचना विंडोज बसवण्यासाठी वापरत आली आहे. संगणक विंडोज पीईच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, डिझम या आज्ञेने सी ड्राइव्हची विम फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, नव्या एसएसडीवर हवी तेवढी पार्टिशन करायची, त्यावर ती उतरवायची आणि बीसीडीबूट या आज्ञेने सुरू होण्याची व्यवस्था लिहायची. जुनी डिस्क किती मोठी होती हा प्रश्नच इथे येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहिले जात नाही. आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी काही एसएसडी कंपन्या आपल्या डिस्कसोबत तयार प्रोग्राम देतात. भरलेली माहिती मावत असेल, तर ते लहान डिस्कवरही नकल करून देतात. बहुधा ते त्याच कंपनीच्या एसएसडीवर चालतात, एवढे पाहून घ्यावे.

डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असेल, तर प्रथम ते पाहावे. बाहेरून पाहणाऱ्या प्रोग्रामला असे पार्टिशन म्हणजे शेवटपर्यंत भरलेला निरर्थक मजकूर दिसतो, रिकामे काय आणि भरलेले काय हे त्याला कळत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या अनेक संगणकांवर कूटबद्धीकरण आपोआप चालू होते, त्यामुळे आपण ते कधी लावलेच नाही, असे म्हणून भागत नाही. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी आणि शक्य तर काम पूर्ण होईपर्यंत बिटलॉकर काढून टाकावे.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हाच प्रश्न तीस-चाळीस पटींनी उभा राहतो. एक संगणक नीट तयार करून त्याची इमेज बाकीच्यांवर उतरवायची, तर नव्या खेपेतील यंत्रांच्या डिस्क लहान निघतात. फार कशाला, २४०, २५० आणि २५६ जीबी या आकारांत फरक थोडाच, तरी २५६ वर घेतलेली इमेज २५० वर अडू शकते. म्हणून मूळ संगणक नेहमी सर्वांत लहान डिस्कवर, किंवा व्हर्च्युअल मशीनमधील साठेक जीबीच्या डिस्कवर तयार करावा. लहानाचे मोठे करणे हे मिनिटाचे काम. फॉगसारख्या मोफत व्यवस्थेत ‘रिसायझेबल’ प्रकारची इमेज निवडली, तर इमेज घेतानाच फाइल सिस्टिम आकुंचित होते आणि उतरवल्यावर पुन्हा डिस्कभर पसरते. मात्र अनेक संगणकांवर एकच इमेज जाणार असेल, तर आधी सिसप्रेप चालवणे टाळू नये. सारख्या एसआयडीमुळे काही बिघडत नाही, हे मत बराच काळ प्रचलित होते. परंतु २०२५ मधील सुधारणांनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या सारख्या एसआयडीच्या संगणकांची परस्पर ओळख नाकारू लागल्या आणि शेअर केलेले फोल्डर उघडेनासे झाले.

नवी डिस्क प्रथम सुरू करताना जुनी डिस्क संगणकातून काढून ठेवावी. सेक्टरनिहाय नकलेत दोन्हींची ओळख-संख्या एकच असते आणि एकत्र दिसल्या तर विंडोज त्यातली एक डिस्क ऑफलाइन करते. मग सी ड्राइव्ह उरलेल्या जागेत वाढवावा, हायबरनेशन आणि पेजिंग हवे तसे परत लावावे आणि बिटलॉकर काढले असल्यास पुन्हा चालू करावे. काही सॉफ्टवेअरचा परवाना डिस्कच्या अनुक्रमांकाशी बांधलेला असतो. ती नव्या डिस्कवर पुन्हा नोंदणी मागतील, तेव्हा परवान्याचे कागद जवळ असू द्यावेत. विंडोज सुरू झाले म्हणजे सारे आले, असे मानू नये. टॅलीतील मागच्या वर्षाचा ताळेबंद, फोटोंचा सर्वांत जुना फोल्डर, श्रीलिपीतील एखादे जुने पत्र असे प्रत्यक्ष उघडून पाहावे. जुनी डिस्क निदान एखादा महिना, वर तारीख लिहून, न पुसता कपाटात राहू द्यावी. तिच्यावर चित्रपट भरण्याची घाई घरातल्या कुणालाही करू देऊ नये.