पेडण्यात भाव वाढला, पण कशाचा?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आणि पेडण्यातल्या जमिनीच्या जाहिरातींना एक नवा आकडा मिळाला: विमानतळापासून किती मिनिटे. त्याच्या जोडीला दुसरा आकडा येतोच, 'भाव इतक्या पटींनी वाढला.' पहिला आकडा घड्याळ लावून तपासता येतो. दुसरा नेमका कशाचा, असे विचारले की दलाल फोनवर बोलायला बाहेर जातो.

पेडणे तालुक्याचा 'सरासरी भाव' ही चीज मुळात संशयास्पद आहे. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावरची जागा आणि हळर्ण-इब्रामपूरकडची जागा एकाच तालुक्यात येते, एवढेच त्यांच्यातले साम्य. समजा, एका तिमाहीत पाच व्यवहार झाले. चौरस मीटरचे दर तीन, चार, चार, पाच हजार, आणि पाचवा समुद्राला लागून चौसष्ट हजार. सरासरी निघते सोळा हजार. पाचांपैकी एकाही जागेचा दर त्याच्या जवळपास नाही! मधला दर, म्हणजे मध्यक, चारच हजार. पुढच्या तिमाहीत किनाऱ्यावरचे दोन व्यवहार नोंदले गेले, तर कुठेही एक पैसा न वाढता सरासरी उडी मारते. व्यवहार थोडे असतात तिथे हे सतत होते, म्हणून दर सांगणाऱ्याला आधी व्यवहार किती, ते विचारावे.

तरीही खरी गोम याहून खोल आहे. गोव्यात जमिनीची किंमत मातीपेक्षा झोन ठरवतो. डोंगरउतारावरचे काजूचे भाट 'ऑर्चर्ड'मध्ये असते तेव्हा त्याचा एक दर. तेच 'सेटलमेंट'मध्ये गेले, बिगरशेती वापराची सनद हाती आली, की दुसरा. मग आकडेवारीत ही भाववाढ म्हणून दिसते. वास्तविक बाजार चढलेला नसतो, वस्तूच बदललेली असते. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली २०२३ मध्ये नियम आले आणि प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली असे पुष्कळ बदल झाले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते नियम रद्द ठरवले. ज्याने झोन बदलणार या आशेवर पैसे मोजले, त्याच्या हिशेबात ही जोखीम कोणत्या रकान्यात होती? माझ्या मते पेडणे किंवा शेजारच्या डिचोली तालुक्याच्या कोणत्याही तक्त्यात झोन, सनद, कूळ-मुंडकारांचे हक्क आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरची नावे हे रकाने दराच्या आधी यायला हवेत.

सरासरीच्या गोंधळावर संख्याशास्त्राचा जुना तोडगा आहे. तीच मालमत्ता दुसऱ्यांदा विकली गेली तेव्हा काय मिळाले, तेवढेच मोजायचे. अमेरिकेतल्या कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांचा घरांच्या किमतींचा निर्देशांक याच पद्धतीवर उभा राहिला. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. आपल्या रिझर्व्ह बँकेचा घरकिमतींचा निर्देशांक नोंदणीच्या आकड्यांवरून निघतो खरा, पण अनेक वर्षे तो दहाच शहरांचा होता आणि त्यांत गोव्यातले एकही नाही. शिवाय दस्तात लिहिलेली रक्कम आणि जाहिरातीतली रक्कम यांच्यातली तफावत कुणाला ठाऊक नाही?

तुलनेसाठी शेजार मात्र उत्तम आहे. पेडण्याला लागून बांदा-सावंतवाडी, डिचोलीला लागून दोडामार्ग. विमानतळ दोघांनाही जवळ, कायदे मात्र वेगळे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर साधारणपणे शेतकरी असावे लागते. गोव्यात भातशेतीपुरते तसे बंधन २०२३ च्या कायद्याने आले. हद्दीच्या दोन्ही बाजूंचे दर २०२२ च्या आधीचे आणि नंतरचे मांडले, तर विमानतळाने किती वाढवले आणि झोनच्या आशेने किती, याचा बराच अंदाज येईल. मात्र पलीकडे हिशेब गुंठ्यांत चालतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर.

आता राहणारे किती, ते पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पेडण्याची लोकसंख्या सुमारे ७२ हजारांवरून ७६ हजारांवर गेली. एवढ्या वाढीवर व्हिलांच्या वसाहती उभ्या राहत नाहीत. मागणी बाहेरच्या पैशाची आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे सव्वा लाख घरे, म्हणजे पाचांत एकाहून अधिक, रिकामी आढळली. भाड्याचा हिशेब दाखवताना विकासक डिसेंबरचे भाडे घेतो. पावसाळ्यातले चार महिने गाळले की कोणताही व्हिला सोन्याची खाण. एक कोटीचे घर महिना पंचवीस हजारांनी वर्षभर गेले, तरी उत्पन्न तीनच टक्के, आणि त्यातून देखभाल वजा.

डिचोलीत खरोखरीची खाण आहे, आणि तिथला हिशेब निराळा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. लिलावानंतर डिचोलीचा पहिला खनिजपट्टा २०२४ मध्ये चालू झाला. इथली भाड्याची मागणी ट्रक, बार्ज आणि पगारांशी बांधलेली होती, पर्यटकांशी नव्हे. त्यामुळे डिचोलीतल्या खोल्यांचे २०११, २०१४ आणि २०१९ चे भाडे सांगणारा घरमालक सापडला, तर चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवून त्याच्याकडे चहाला बसावे.