किती दमलास?

हॉकीपटूच्या जर्सीखाली, दोन खांद्यांच्या मधोमध एक फुगवटा दिसतो. आतल्या घट्ट बंडीच्या खिशात काडेपेटीएवढी डबी असते. तिच्यातला जीपीएस सेकंदाला साधारण दहा वेळा खेळाडूची जागा नोंदवतो; त्वरण मोजणारा सेन्सर धक्के, वळणं, अचानक थांबणं टिपतो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी क्रीडासंस्थेत सुरू झालेल्या कामातून २००६ साली ‘कॅटापुल्ट’ कंपनी निघाली आणि अशा डब्या जगभर गेल्या. हॉकीत तर बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. फॉरवर्डचा वेग उतरू लागला, की बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाला ते सामना चालू असतानाच कळतं.

पण धाव मोजणं सोपं. ती शरीराला केवढ्याला पडली, हे मोजणं अवघड. दोघी सहा-सहा किलोमीटर धावल्या. एकीची झोप झालेली, दुसरी रात्रभर रेल्वेत अवघडून आलेली. डबीच्या लेखी दोघी सारख्याच.

म्हणून हृदयाचे ठोके मोजायचे. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. मनगटी घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्तात तो किती शोषला गेला यावरून ठोके ओळखतं. हात जोरात हलला की ते गडबडतं, तेव्हा स्टिक फिरवणाऱ्या हातावरच्या घड्याळावर फार विसंबू नये.

मग आलं गुणोत्तर. या आठवड्याचा सरावाचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट यांनी २०१६ साली ०.८ ते १.३ हा पट्टा दुखापतीच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सुरक्षित ठरवला. संघांचे तक्ते लाल-हिरवे झाले. पुढे या गणितावर संख्याशास्त्रज्ञांनी बरीच टीका केली, आणि ती रास्त आहे. भार एकदम वाढवू नये, एवढंच त्यातून घ्यावं.

मला सर्वांत भावते ती व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची बिनखर्चाची युक्ती. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, शून्य ते दहात किती दमलास? उत्तराला मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं, उत्तर सात : भार ६३०. सरावाचा परिणाम खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्यातून अनेकदा यंत्रांपेक्षा चांगला कळतो, असं २०१६ च्याच एका आढाव्यात दिसलं.

अडचण एकच. संघनिवड जवळ आली, की नऊचा सात होतो. डबीची खरी गरज तेव्हा लागते : तोंडी सात, पण वेग उतरलेला आणि ठोके चढलेले.